पडलेली नोट

गाडी पुढे जाणार नाही, असं कंडक्टरनं सांगताच जितेशनं आधी बॅगा मोजल्या. मोठी निळी, पाठीवरची राखाडी आणि गळ्यातली छोटी काळी. खाली उतरून त्यानं त्या पुन्हा मोजल्या. पेणच्या स्टँडवर गाडीतली चाळीसेक माणसं आपापलं सामान धरून उभी होती आणि बॉनेटखालून धूर येत होता.

“साडेनऊ झाले,” त्याची बायको वैशाली म्हणाली. “दोनला पोचू ना?”

“पोचू. पनवेलची कुठलीही मिळाली तरी बास.”

दोन वाजता मुंबई बंदराच्या गेटवर हजर व्हायचं होतं. आठ वर्षं जितेश प्रवासी जहाजांवर खोल्या आवरायचं काम करत होता. दर वेळी विमानानं कुठल्याशा परक्या बंदरात जायचं आणि तिथं जहाज धरायचं. त्यामुळे वैशालीचा निरोप खांबच्या फाट्यावरच उरकायचा. या खेपेला जहाज मुंबईहूनच सुटणार होतं, म्हणून ती हट्टानं निघाली होती. लेकीला, सुरभीला, शाळेच्या दारात सोडून आणि तिला घरी आणायला शेजारणीला सांगून दोघांनी त्याच फाट्यावर गाडी पकडली होती.

भिंतीलगतच्या बाकावर त्यानं तिला बसवलं. निळी बॅग तिच्या गुडघ्यांना टेकवून ठेवली, राखाडीचा पट्टा बाकाच्या पायात अडकवला.

“मी चौकशीच्या खिडकीवर बघून येतो. ही तुझ्याकडं ठेव.” त्यानं गळ्यातली काळी बॅग काढली. “तिथं रेटारेटी हाय. गर्दीत ब्लेडनं पट्टा कापतात. पासपोर्ट, जहाजावरच्या नोकरीचं सीडीसीचं पुस्तक, मेडिकल, सगळं हिच्यात हाय. बाकीचं गेलं तरी चालेल. ही गेली तर जहाजावर पाय ठेवू देणार नाय.”

“म्हायती हाय.”

“अंगावर काय सांडलं तर पुसत बसायचं नाय. कोण म्हणालं, ताई, तुमची नोट पडली, तर खाली बघायचं नाय. एक बोलतो, दुसरा उचलतो. आमच्यातल्या दोघांना असंच लुटलं तिकडं परदेशात.”

“जा आता. खिडकी बंद होईल.”

तो गेला. वैशालीनं बॅग मांडीवर घेतली आणि पट्टा मनगटाला गुंडाळला.

बॅग हलकी होती. एवढ्याशा वजनावर माणूस नऊ महिने जातो, याचं तिला नवल वाटलं. घरी आला की पहिला महिना तो पाहुण्यासारखा वागे. पाणी प्यायच्या आधी विचारी. पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपे, जहाजावरच्या अरुंद बर्थची सवय म्हणून. मीठ कुठल्या डब्यात आहे, हे त्याला विचारावं लागे. हळूहळू तो घरात मुरायचा. सुरभीच्या वेण्या घालायला शिकायचा, भात झोडताना खळ्यात मोठ्यानं हसायचा, रात्री पलंगाच्या मधोमध यायचा. मीठ न विचारता घेऊ लागला, की चार-आठ दिवसांत कंपनीचा मेल यायचा.

या वेळीही तसंच झालं होतं. काल त्यानं स्वतःहून कालवण केलं होतं. वैशाली दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली होती.

“ताई, तुमची नोट पडली बघा.”

इस्त्रीचा शर्ट घातलेला, सभ्य दिसणारा माणूस समोर उभा होता. तिच्या चपलेजवळ वीसची नोट पडली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टोपीवाला एक जण येऊन बसला होता. तो मोबाइलमध्ये बघत होता, पण त्याचं बोट स्क्रीनवर हलत नव्हतं.

वैशालीला सगळं दिसलं. नोट आपली नाही, हे तिला कळलं. टोपीवाला कशासाठी बसला आहे, हेही कळलं.

तिनं मनगटाचा पट्टा सोडला. बॅग शेजारी बाकावर ठेवली आणि ती खाली वाकली.

वाकल्यावर तिनं नोट लगेच उचलली नाही. आधी चपलेचा अंगठा सारखा केला. साडीची निरी झटकली. मग नोट घेतली, दोन्ही हातांनी सरळ केली. वर बघायची तिला घाई नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे सुरभी शाळेतून पळत येत होती, आणि तिला घ्यायला बाप उभा होता.

ती उठून बसली तेव्हा बाकावर कोणी नव्हतं.

जितेश पाचेक मिनिटांनी आला. त्याची नजर तिच्या मांडीवर गेली, मग मनगटावर.

“नोट पडली म्हणाला,” वैशाली म्हणाली.

तो ओरडेल, धावत सुटेल, असं तिला वाटलं होतं. तो तिच्या शेजारी बसला. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले आणि लांब श्वास सोडला. मग तो समोरच्या बंद पडलेल्या गाडीकडे बघू लागला.

“सुरभीची शाळा कधी सुटते गो?”

“बाराला.”

“आता रोह्याची धरली तर साडेअकरापर्यंत पोचू.”

वैशालीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वळवली नाही. तिनं हात सरकवून त्याच्या हाताला लावला आणि दोघं तशीच बसून राहिली. तक्रार लिहून द्यायला हवी, हे दोघांनाही माहीत होतं. कोणीच उठलं नाही.

“अगो, ही तुझी काय?”

स्टँडवर पोह्याचे पापड विकणारी धोंडुबाई समोर उभी होती. एका हातात पापडांची टोपली, दुसऱ्या हातात काळी बॅग.

“मुतारीच्या मागं टाकून गेला मेला. नुसते कागद निघाले ना! आत ह्याचाच फोटो हाय, म्हणून वळकलं मी.”

बॅग तिनं पुढे केली. वैशाली जितेशकडे बघत होती आणि जितेश जमिनीकडे.

“घ्या की गो. हात अवघडला माझा.”

शेवटी वैशालीनंच ती घेतली. चेन उघडून तिनं एकेक वस्तू बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली.

“सगळं हाय,” ती म्हणाली.

“सगळं?”

“व्हय.”

धोंडुबाईकडून त्यांनी पापडांची दोन पाकिटं घेतली. पनवेलची गाडी लागली तेव्हा निळी बॅग वैशालीनं उचलली. पनवेलहून केलेल्या टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत बसला.

पावणेदोनला दोघं बंदराच्या गेटवर पोचली. भिंतीपलीकडे जहाजाचे वरचे मजले दिसत होते, पांढरेशुभ्र. निळ्या-राखाडी बॅगा घेतलेल्या पोरांची रांग लागली होती. आत फक्त कामावर जाणाऱ्यांनाच सोडत होते. रांग सरकत होती तशी वैशाली त्याच्या बाजूनं चालत राहिली, दोरी बांधली होती तिथपर्यंत.

“वैशाली.”

“काय?”

“पेणला चौकशीच्या खिडकीपासनं आपला बाक दिसत होता.” तो हलक्या आवाजात बोलला. “नंबर आला होता माझा. तू वाकलीस तेव्हा मी बघत होतो. तो टोपीवाला माझ्या समोरनंच गेला.”

दोरी तिनं घट्ट धरली.

“मग हाक का नाय मारलीत?”

जितेशच्या पुढचा माणूस आत गेला. गेटवरच्या जवानानं हात पुढे करून पासपोर्ट मागितला. जितेशनं काळ्या बॅगेची चेन उघडली. पासपोर्ट वरच होता, तरी तो त्याला बराच वेळ सापडेना.