व्हय म्हणायला एक माणूस

"काका, ये सब उठाओ. सेक्रेटरी साब देखेगा तो मेरी वाट लगेगी."

वॉचमन यादव कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्यासमोर, पंतनगरातल्या त्या नव्याकोऱ्या टॉवरच्या चकचकीत फरशीवर, धोंडू घाडी यांनी निळी ताडपत्री अंथरून आपलं दुकान मांडलं होतं. बंद गाडी टोचन करायचा जाड दोर, पहार, जॅक, काच फोडायची हातोडी, स्टोव्ह, शिट्टी, मलमपट्टीचा डबा, उन्हात घातलेल्या चादरी. मधोमध मांडी घालून स्वतः काका टॉर्चचे सेल बदलत होते. पावसाने कधी नव्हे ती उघडीप दिली होती आणि असं ऊन वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"शिफ्टिंग है क्या?" यादवने विचारलं.

"शिफ्टिंग नाय रे बाबा. गणपतीक गावाक जायचा हा. गाडीतलं सामान वर्षातनं एकदा उन्हात घालायला नको?"

"गाँव जाने के लिए इतना हथियार?"

यादवचं काही चुकत नव्हतं. काकांच्या पत्नी सुनंदाकाकू होत्या तेव्हा त्याही म्हणायच्या, "ही गाडी हाय की बोहारणीचं गाठोडं?" पण काकांची ही खोड सव्वीस जुलैच्या पुरातली. तेव्हा ते पार्ल्याच्या एका कंपनीत साहेबांची गाडी चालवायचे. साहेब घरी सुखरूप आणि काका रात्रभर कुर्ल्याला, बुडत्या गाडीच्या टपावर. खिशात काय, तर कंगवा! बाजूच्या टपावर एक अनोळखी माणूस अडकला होता. त्याने आपल्या मुलीच्या लग्नातली पंगत नुसत्या तोंडानेच वाढायला घेतली ती उजाडेपर्यंत वाढतच होता. सकाळी तो कुठे गेला, कळलंही नाही. काकांनी मात्र तेव्हापासून कानाला खडा लावला. पुढे स्वतःची ओम्नी घेतली आणि तिच्या पाठीमागे एकेक वस्तू जमत गेली.

जुनी बिल्डिंग होती तेव्हा गणपतीआधीचा हा रविवार म्हणजे सणच असायचा. पोरं शिट्टी फुंकून कान किटवायची, परबवहिनी चादरी झटकायला यायच्या, राणे दोराच्या गाठी तपासायचे आणि जाणकारासारखी मान हलवायचे. मग सगळे त्याच ओम्नीत कोंबून कोकणात जायचे. रस्त्यात दर वर्षी कुणाची ना कुणाची गाडी बंद पडलेली असायची आणि काकांचा दोर तिला ओढून काढायचा. मग बिल्डिंग पाडली, टॉवर झाला. परब खोली विकून बदलापूरला गेले, राणे विरारला. काकांना नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि ओम्नीला स्टॅक पार्किंगमधला वरचा पाळणा. शेजारी कोण राहतं, हे दारावरच्या पाटीवरून कळायचं. पाटी नसली तर तेही नाही.

फोन वाजला. बोरिवलीहून हर्षद, त्यांचा मुलगा.

"बाबा, काय ठरलं? तुमचं रेल्वेचं तिकीट काढून ठेवलंय मी. आमच्याबरोबर चला ना गुपचूप."

"आणि गाडी?"

"गाडीचं पासिंग संपतंय. गणपतीनंतर काढून टाकू. हे बघा, मी अडवत नाही तुम्हाला. पण एकट्याने घाट उतरायचा नाही, हे तुम्हीच आईला कबूल केलंय. एक माणूस मिळाला सोबत तर जा खुशाल. संध्याकाळपर्यंत सांगा, काय ते."

हर्षद वाईट बोलत नव्हता, हेच वाईट होतं. आणि खरं सांगायचं तर माणसाची गरज घाटापेक्षा गाऱ्हाण्याला जास्त होती. घाड्यांच्या घरात देवाला गाऱ्हाणं घालायचं काम पिढीजात. गाडी गेटबाहेर काढण्याआधी डॅशबोर्डवर नारळ ठेवून काका गाऱ्हाणं घालायचे आणि गाडीतल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तोच नारळ गावाला पोचल्यावर फुटायचा. आता गाऱ्हाणं घालणारा होता, नारळ होता, देव तर होताच होता. व्हय म्हणायला कुणी नव्हतं. स्वतःच गाऱ्हाणं घालून स्वतःच व्हय म्हणणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच अक्षता टाकण्यासारखं. गेल्या वर्षी सुनंदाकाकूंना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून गणपती भावकीनेच आणला आणि प्रश्न टळला. या वर्षी टळणार नव्हता.

सकाळपासून त्यांनी फोन करून पाहिले होते. परब म्हणाले, "घाडीनू, गुडघे गेले ओ माझे, मी रेल्वेनेच चाललंय." राण्यांचा सौरभ म्हणाला, "काका, आम्ही आता दीड दिवसाचा इथेच आणतो. सुट्टी कुठे मिळते यार?" शेवटी काकांनी यादवलाच विचारलं, "तू चल ना. मस्त माशे खायला घालतो." यादव हसला आणि म्हणाला, "और गेट पे कौन, आप का गणपती बैठेगा?"

दुपारी काकांनी सगळं सामान पुन्हा गाडीत रचलं, नारळ डॅशबोर्डवर ठेवला. यादवने बटण दाबलं आणि ओम्नी कुरकुरत वर गेली. काका लिफ्टपाशी आले. लिफ्ट नुकतीच कुणीतरी वर नेली होती. एवढ्यात वॉचमनच्या केबिनमधला पंखा थांबला, दिवे गेले आणि लिफ्टच्या दारामागून, जरा वरच्या अंगाने, धाडधाड आवाज आला.

"कोणी आहे का? अहो, कोणी आहे का बाहेर?"

"आहे! मी आहे. तू कोण गो?"

"गार्गी. नऊशे चार. लाइट कधी येणार?"

नऊशे चार म्हणजे काकांच्या समोरचंच दार. बिनपाटीचं.

"येतील येतील. घाबरू नको."

"काका, फोन बंद पडलाय माझा. काहीच दिसत नाहीये. मला श्वास... मला नाही जमणार इथे. प्लीज काढा ना मला."

टॉवरला जनरेटर होता, पण तो चालू कुणी करायचा यावर बिल्डर आणि सोसायटी यांचं भांडण होतं. यादव लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावत होता. मेकॅनिक मुलुंडला होता आणि ट्रॅफिकमध्ये होता. काका मात्र तोवर पार्किंगकडे पळालेसुद्धा. पळतानाच त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. दाराच्या फटीत पहार, फटीतून टॉर्च, पाण्याची बाटली. आज कामाला नाही यायचं तर कधी? त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग वर पाहिलं.

ओम्नी वर, पाळण्यात. खालून तिचं फक्त काळं, तेलकट पोट दिसत होतं. पाळणाही विजेवरच चालायचा. वीसेक वर्षं ज्या दिवसासाठी म्हणून एकेक वस्तू जमवली, तो दिवस आला आणि सगळं सामान डोक्यावर टांगलेलं! काकांना रडू यायचंच बाकी राहिलं. रिकाम्या हातांची एवढी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती.

ते परत आले आणि लिफ्टच्या दाराला टेकून खाली फरशीवरच बसले. आत पोरगी हुंदके देत होती.

"गार्गी, कोकणात गेलीस कधी?"

"काय?"

"कोकणात गो. गणपतीला."

"नाही. आम्ही... पार्ल्याचे. आमचं सगळं पार्ल्यातच."

"मग चल. गाडी काढतो. खाली बस आणि डोळे मिट. खिडकीकडची सीट तुझी."

"काका, प्लीज, मस्करी नका करू हो."

"मस्करी नाय. पण आधी गाऱ्हाणं घालायला लागतं. मी थांबलो की तू म्हणायचंस, व्हय म्हाराजा. त्याबिगर आमची गाडी हलत नाय."

काकांनी हात जोडले. यादव फोन कानाला तसाच धरून बघत राहिला.

"बा देवा रामेश्वरा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्यां तुझा लेकरू गाडी घेवन तुझ्या पायाकडे येवक निघाला हा, रे म्हाराजा!"

काकांनी दारावर टकटक केली.

"म्हण गो बाय."

"व्हय... म्हाराजा."

"वाटेत काय अडचण असात, कोणाची वाकडी नजर असात, ती दूर कर, आणि गाडीतल्या सगळ्यांका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज जरा खणखणीत आला. दोन वर्षांत हे शब्द काकांच्या कानावर पडले नव्हते.

"बसली नीट? चल. ह्यो मानखुर्द गेला. आता वाशीची खाडी. खिडकी उघड, वारा येतो."

पनवेल गेलं. पेणला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रंगवून वाळत ठेवलेले गणपती दिसले. वडखळला त्यांनी बटाटेवडे घेतले आणि काकांनी तिला तंबी दिली की मिरची चावू नको, घाटात उलटी होते. माणगावच्या अलीकडे गाडी थांबली.

"काय झालं?" आतून प्रश्न आला.

"जाम लागला."

"किती वेळ?"

"जाम काय विचारून लागतो? उतर, पाय मोकळे कर. मागे स्टोव्ह आहे, चहा टाकतो."

जरा वेळाने आतून आवाज आला, "माझ्यात साखर कमी." आणि काका हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

महाड गेलं, पोलादपूर गेलं.

"आता कशेडी. बोगदा झालाय म्हणतात, पण आपण घाटातनंच जाऊ. इथे आमची सुनंदा माझा खांदा गच्च धरून बसायची. घाट उतरेपर्यंत एक शब्द नाय."

"मग मी काय करू?"

"तू बोलत राहा."

गार्गी बोलायला लागली. घरूनच काम करते, म्हणाली. पार्ल्याची जागा आई गेल्यावर भावाने विकली, म्हणून ती इथे भाड्याने आली. "खरं सांगू काका? शुक्रवारपासून मी कुणाशी बोललेच नाहीये. आज दूध आणायला खाली उतरले, तेही मुद्दाम. अॅपवरून आलं असतं. म्हटलं, निदान दुकानदार तरी बोलेल."

"बोलला?"

"सुट्टे मागितले त्याने."

दोघंही हसले. चिपळूण मागे पडलं, हातखंबा मागे पडला. राजापूरला गार्गीने गंगेचं विचारलं, काकांनी ती कधी येते आणि कधी जाते ते सांगितलं, थोडं पदरचं घालून. खारेपाटणला वास बदलतो, म्हणाले, ओल्या मातीचा आणि चुलीचा. आणि मग तळेरे.

"इथून आत वळायचं. हां, हळू. ते कौलारू दिसतं ना, माडाच्या मागे..."

"पोचलो काका?"

"पोचलो गो."

घर्र आवाज झाला, दिवे आले आणि काही कळायच्या आत लिफ्ट तिला घेऊन वर निघाली. दारावरचे आकडे पुढे सरकत नऊवर थांबले. काका बटण न दाबता उभे राहिले. बऱ्याच वेळाने यादवनेच दाबलं. लिफ्ट खाली आली, ती रिकामीच होती. कोपऱ्यात दुधाची पिशवी राहिली होती.

"चला काका, छूट गयी लडकी," यादव म्हणाला. काकांनी त्याला आधी ओम्नी खाली घ्यायला लावली. पाठचं दार त्यांनी उघडलंच नाही. डॅशबोर्डवरचा नारळ तेवढा काढला.

संध्याकाळी त्यांनीच हर्षदला फोन केला.

"माणूस मिळाला?" हर्षदने विचारलं.

"मिळाला."

"कोण?"

"जाऊन आलो रे. माझं तिकीट ठेव. गणपती झाले की गाडी काढून टाकू."

"बाबा, बरे आहात ना तुम्ही?"

"बरा आहे. सूनबाईला सांग, नारळ मी आणत नाही, इथेच फोडतोय."

पोचल्याचा नारळ फोडून त्यांनी खोबऱ्याचे तुकडे केले. हाताला सवय भरल्या गाडीची. ताटली गच्च भरली. एक तुकडा सुनंदाकाकूंच्या फोटोपुढे ठेवला. मग एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी घेऊन त्यांनी समोरची बेल वाजवली.

गार्गीने दार उघडलं. तोंड धुतलेलं, डोळे अजून लाल, कानात हेडफोन. आत लॅपटॉपवर कुणीतरी इंग्रजीत तावातावाने बोलत होतं. तिने दोन्ही हातांनी दूध घेतलं, खोबऱ्याचा तुकडा घेऊन कपाळाला लावला आणि दोन बोटं वर केली. दोन मिनिटं. मग दार हलकेच लावून घेतलं.

काका घरी आले. त्यांनी आपलं दार मात्र लावलं नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये कुठे कुणाचं लागायचं? उंबऱ्यालगत खुर्ची घेतली, ताटली मांडीवर ठेवली आणि बसले.

टॉवरच्या पॅसेजमधले दिवे माणूस हलला तरच जळायचे. जरा वेळ कुणी हललं नाही, की आपोआप विझायचे. तसे ते विझले. पोरगी अंधाराला घाबरते, हे काकांना आता माहीत होतं. त्यांनी बसल्या जागेवरून हात उंच करून हलवला आणि दिवे लागले. जरा वेळाने पुन्हा विझले. काकांनी पुन्हा हात वर केला.