धवल्यांचे नवे बिऱ्हाड

दुसऱ्याची ठेव ज्याच्या हाती येते, त्याच्यावर दोन कर्तव्ये येतात. ती हरवू न देणे हे पहिले, आणि ती आपल्या आवडीप्रमाणे बदलू न देणे हे दुसरे. पहिले कर्तव्य डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस त्याची काळजी घेतो. दुसरे मोडले तरी ठेव जागेवरच असते, तिच्यावर धूळही नसते, आणि सांभाळणारा निश्चिंत झोपतो. मी असा तेरा वर्षे झोपलो.

ती ठेव म्हणजे चव्वेचाळीस गाणी. आमच्या पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे ठरलेले असते. त्याला धवला म्हणतात आणि तो गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण. मी पनवेलच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि लग्नसराईत अंतरपाट धरण्यासाठी गावोगाव जात असे. सुकापूरला गेलो की माझ्या आधीच मांडवात दोघी बसलेल्या असायच्या, ठमाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ वेणू. घरच्या कुलदैवतापासून पणजोबांपर्यंत सर्वांना त्या नावानिशी लग्नाला बोलावीत. त्यांचे बोलावणे पुरे झाल्याखेरीज माझ्या मंगलाष्टकांना आरंभ नसे.

त्या काळी सुकापूरला जायचे म्हणजे भातखाचरांच्या बांधावरून चालायचे. एका हातात पंचांगाची पिशवी, दुसऱ्या हातात चपला. मांडवाला आंब्याचे टाळे बांधलेले, खाली नव्या शेणसारवणाचा ओलसर गारवा, आणि लांबूनच ऐकू येणारे ते दोन स्वर. पुढे मी एक टेपरेकॉर्डर घेतला. ठमाबाईंना म्हटले, एखाद्या दुपारी निवांत बसू, तुम्ही गा, मी भरून घेतो. त्या म्हणाल्या, "लगीन नाय तं धवला नाय." म्हणून तीन वर्षे खऱ्या लग्नांतच मी तो रेकॉर्डर घेऊन बसलो. एकोणीस कॅसेटी भरल्या. मुलांची रडणी, भांड्यांचे आवाज, कुणाची कुणाला हाक, सगळे त्यांत आले.

पुढे माझा विद्यार्थी अवधूत याने या गाण्यांची वेबसाइट करून दिली. तेव्हा साइटसाठी भाड्याने मिळालेली साठवणीची जागा फार थोडी होती. मी गाणी काटछाट करून, नेटकी करून त्याच्या हाती दिली. काही वर्षांनी ती जागा देणाऱ्या कंपनीने ती वाढवली, तेव्हा त्याने सगळ्या कॅसेटी जशाच्या तशा एका वेगळ्या कप्प्यात चढवून ठेवल्या. नंतर तो परदेशी गेला. कॅसेटींना एका पावसाळ्यात बुरशी लागली. साइट माझ्या नावावर चालू राहिली, आणि मी दरवर्षी नूतनीकरण करून कर्तव्य पार पाडल्याचे समाधान घेत राहिलो.

यंदा मार्चच्या बावीस तारखेला ठमाबाईंची नात अंकिता हिचा फोन आला. ती माझी विद्यार्थिनी. नवीन पनवेलमध्ये तिचे वेबसाइटी बनवण्याचे छोटे ऑफिस आहे. सहज म्हणून तिने आजीची साइट उघडली होती, आणि वर साइट बंद होणार असल्याची लाल पट्टी दिसली होती. मी तातडीने तिच्याकडे गेलो. तिथे तिचा भाऊ भावेशही होता. तो जासईच्या कंटेनर यार्डात संगणक सांभाळतो.

"सर, कंपनीचा मेल जानेवारीतच आलाय," माझे खाते उघडून अंकिता म्हणाली. "जुने सर्व्हर एकतीस मार्चला बंद. त्याच्यावरचं सगळं पुसलं जाणार. तुम्ही मेल उघडलेलाच नाही."

"मला ती जाहिरात वाटली."

"मेल आपल्या कामाचा असला की सगळ्यांना तसंच वाटतं," भावेश म्हणाला. "टेन्शन नका घेऊ सर. ताई, विंडोजचं होस्टिंग घे. जुनी साइट विंडोजवरच बनलीये. इथून उचलायची, तिथे ठेवायची. रविवारी दुपारपर्यंत विषय संपला."

"विंडोजवर त्याच पैशांत पाच जीबी मिळतात. लिनक्सवर पन्नास, आणि रोजचा बॅकअप."

"पण लिनक्सवर ही जुनी पानं चालणार नाहीत. चव्वेचाळीस पानं नव्याने बनवायला लागतील. तू बनवणार?"

"तू बनव की. नाहीतरी दिवसभर कंटेनर मोजत बसतोस."

"मोजत नाय, सिस्टीम सांभाळतो!"

"हो, माहितीये. लोक फोन करतात, तू सांगतोस, बंद करून परत चालू करा."

मला यातले अर्धेच उमगले. अंकिताने खुर्ची माझ्याकडे वळवली. "सर, सर्व्हर म्हणजे कुठेतरी सतत चालू असलेला दुसऱ्याचा कॉम्प्युटर. आपण त्यात भाड्याने जागा घेतो. विंडोज आणि लिनक्स या तो चालवायच्या दोन वेगळ्या व्यवस्था. एकीत आपलं सामान आहे तसं जाईल. दुसरीत एकेक वस्तू उघडून, पुसून, नव्याने मांडावी लागेल. मात्र जागा ऐसपैस."

माझे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. एकदा नीट लावून ठेवलेले पुन्हा उघडण्याचा उत्साह मला नव्हता. मी म्हणालो, "आहे तसेच जाऊ दे."

भावेशने विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहिले. ती मात्र पडद्याकडे पाहत होती. "इथे 'मूळ' नावाचं एक फोल्डर आहे. अकरा जीबी. साइटवर कुठेच दिसत नाही."

"त्या पुऱ्या कॅसेटी आहेत. त्यात गोंगाटच फार. ते कुणी ऐकत नाही."

"पाच जीबीत मावणारही नाही," भावेश म्हणाला. "राहू दे तिकडंच."

मी मान हलवली. नऊ दिवसांनी जे कायमचे नष्ट होणार होते, त्याला मी इतक्या सहज निरोप दिला.

"आधी आजीला विचारू या," अंकिता म्हणाली. "गाणी तिची आहेत ना?"

तेरा वर्षांत ही साइट ठमाबाईंना ऐकवावी, असे माझ्या मनात आले नव्हते. ती दूरच्या लोकांसाठी होती, अभ्यासकांसाठी होती. दोन मैलांवर राहणाऱ्या गाणारीला काय ऐकवायचे, असे बहुधा मी धरून चाललो असेन.

आम्ही तिघे सुकापूरला गेलो. ज्या बांधावरून मी जात असे, तिथे आता सात मजली इमारत आहे, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर ठमाबाई राहतात. जमिनीवर पेपर पसरून त्या सुका जवळा निवडीत होत्या.

"भटजी! अजून चालताय काय तुमी? मी बोललू, गेले आसतील."

"तुमच्या आधी कसा जाईन, ठमाबाई? मांडवात पहिला मान तुमचा."

त्या खुदकन हसल्या. "बसा. ह्यो आमच्याच खाचराचा वरचा तुकडा. पयले हितं चिखल तुडवायचू, आता लिफ्ट तुडवताव."

अंकिताने फोनवर हळदीचे गाणे लावले. ठमाबाईंचा तीस वर्षांपूर्वीचा खणखणीत स्वर खोलीत भरला. ओळीमागून ओळ, मध्ये खंड नाही. मला ते नेहमीच फार सुबक वाटत आले होते. ठमाबाईंचे हात थांबले. त्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले,

"वेनू कुठं हाय?"

हा प्रश्न मला होता.

"ठमाबाई," मी म्हणालो, "तुम्ही ओळ म्हणायचात आणि वेणूबाई तीच ओळ पुन्हा म्हणायच्या. जागा फार कमी होती. एकच गोष्ट दोनदा कशाला, असे मला वाटले. म्हणून मी त्यांची ओळ काढली. प्रत्येक गाण्यातून."

"काडली?"

"हो. मीच."

त्या रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्या माझ्याकडे केवळ नवलाने पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भटजी, तुमी मंत्र शिकलाव, ते एकदाच आयकून शिकलाव काय?"

मी आपटा गावी शिकलो. पाताळगंगेच्या काठी गुरुजींच्या ओसरीवर आम्ही पाच जण बसत असू. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा. त्याला संथा म्हणतात. सकाळचा गारठा, नदीवरून येणारा वारा, शेजारच्या गंगाधराचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. मी अडखळलो की त्याचा आवाज मला पुढे नेई, तो अडखळला की माझा त्याला. गुरुजींनी त्या ओसरीवर आम्हांला कधी एकदाच म्हणा असे सांगितले नाही. मोठेपणी काव्यशास्त्र वाचले, त्यात पुनरुक्ती हा दोष म्हणून भेटला, आणि तो दोष मी एका लग्नमांडवातून पुसून काढला.

"नाही," मी म्हणालो. "एकदा ऐकून नाही शिकलो."

"मंग? मी वळ बोलायची, नं वेनू ती धरायची. ती धरी तवर मी दम घ्यायची, पुडची वळ आठवायची. तिच्याबिगार मला धवला कवाच आला नाय. ह्ये आयकून वाटतं, एकलीच बाय बडबडतेय."

अंकिताने लॅपटॉप उघडला. 'मूळ' कप्प्यातली त्याच हळदीची कॅसेट तिने सुरू केली. आधी पातेली आपटल्याचा आवाज आला, मग कुणीतरी पोरांना हाकलले, आणि मग ठमाबाईंची ओळ. ती संपता संपता, किंचित उशिराने, एक बारीक, जरासा किनरा आवाज मागून आला. वेणूबाईंना जाऊन बावीस वर्षे झाली आहेत.

तिसऱ्या कडव्याला नवरदेवाच्या पणजोबांना बोलवायचे होते. वेणूबाईंचा आवाज एकाएकी थांबला आणि गाण्यातच कुजबुजला, "अगो ठमे, ह्याचं नाव काय?"

"भवाने!" ठमाबाई लॅपटॉपवर ओरडल्या. "भरल्या मांडवात इचारतेय! मागल्या सालीपन आसंच केलंस!"

भावेश मोठ्याने हसला. ठमाबाईही हसत होत्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना हात लावला.

"आजी, जवळ्याचा हात डोळ्याला नको लावू, झोंबेल."

"झोंबू दे."

कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत आम्ही बसलो. मग मी म्हणालो, "अंकिता, लिनक्सचीच जागा घे. 'मूळ' सगळे न्यायचे. आणि चव्वेचाळीस पानांवर मी कापलेले एकही गाणे ठेवायचे नाही."

"म्हणजे पानं नव्याने बनवायचीच," भावेश म्हणाला. आता त्याच्या स्वरात कुरकुर नव्हती. "ऐकायला फाइल लहान करू, फोनवर पटकन लागेल. ठेवायला मूळ तशीच राहील."

"आठ दिवसांत होईल?" मी विचारले.

"तुम्ही रोज आलात तर," अंकिता म्हणाली.

मी रोज गेलो. कोणती गाणी कोणत्या लग्नातली, कोणत्या विधीची, हे सांगू शकणारा मी एकटाच होतो. गाणे ऐकायचे, त्याची सुरुवात आणि शेवट अंकिताला दाखवायचा, ती कळ दाबणार, मी पानाचा मजकूर लिहिणार. तिकडे भावेश जुन्या सर्व्हरवरून कॅसेटी उतरवून घेत होता. मोठी फाइल मध्येच तुटे. त्याने अशी काही योजना केली की तुटली तिथूनच ती पुढे सुरू व्हावी. चौथ्या दिवशी एकोणिसाव्या कॅसेटीची दुसरी बाजू काही केल्या उघडेना, तेव्हा तो जेवायचा थांबला. ती उघडली तेव्हा साडेचार वाजले होते.

गोंगाट म्हणून ज्याला मी नावे ठेवली होती, त्यात मला किती माणसे भेटली! अक्षता मागणारा माझा स्वतःचा तेव्हाचा भरदार आवाज भेटला. एका मांडवात कुणी म्हातारा खारीचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीचा, बांध फुटल्याचे सांगत होता आणि दुसरा त्याला म्हणत होता, आज लग्न आहे, बांध उद्या. ती खारी, तो बांध, ते दोघे, आता काहीच उरलेले नाही. मी ऐकत राहायचो आणि अंकिता म्हणायची, "सर, गाणं केव्हाच संपलं. कापू?" मी म्हणायचो, "थोडे राहू दे."

एकोणतीस तारखेला नव्या जागेच्या अर्जाचा शेवटचा रकाना भरायचा आला, खाते कुणाच्या नावे. अंकिता माझे नाव लिहू लागली. मी तिला थांबवून ठमाबाईंना फोन लावायला सांगितला.

"माजं नको," त्या म्हणाल्या. "मी काय बटना दाबनार? तुजं टाक, नं वेनूच्या किशोरीचं टाक. भटजीचं काडा आता. त्यांनी लय सांबाळलं."

तेरा वर्षांच्या माझ्या कारभाराचा निवाडा त्यांनी असा, एका वाक्यात, दयेने केला.

किशोरी ही वेणूबाईंची मुलगी, जासईला दिलेली. तिची संमती घ्यायला भावेश दुपारच्या सुटीत तिच्या घरी गेला आणि त्याने फोनवर ते हळदीचे मूळ गाणे लावले. संध्याकाळी त्याने आम्हांला सांगितले, "आत्या उभीच राहिली. एकदा ऐकलं, परत लाव म्हणाली. पणजोबाचं नाव इचारते ना, तिथं म्हणाली, आयस घरीपन आशीच. मग मला म्हणाली, नाव खुशाल टाका, बस, जेवून जा. आणि ताट घेऊन ऐकतच बसली. वाढायचं विसरली. मी आपला वडापाव खाऊन कामावर गेलो."

तीस तारखेला सकाळी अकरा वाजता साइटचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवला. जुन्या जागेत आमचे काहीही राहिले नव्हते. मुखपृष्ठावर अंकिताने दोन नावे लिहिली, ठमाबाई आणि वेणू, शेजारी शेजारी, एकाच आकारात. मी घरी आलो, हातपाय धुतले आणि देवापुढे बसलो.

अंकिताच्या आणि भावेशच्या हाती असेच यश राहो. किशोरीच्या घरात अन्न आणि हसू कधी कमी न पडो. ठमाबाईंना सुखाचे आयुष्य लाभो, आणि वेणूबाई जिथे असतील तिथे त्यांना शांती असो.