एकटी ओळ

डावा समास अर्ध्या सेंटिमीटरने वाढवायची दुरुस्ती मंगळवारी सकाळी नऊ वाजता मंजूर झाली, आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी रेवती बिवलकरच्या घराची डावी भिंत वीतभर आत सरकली. कागदावर अर्धा सेंटिमीटर म्हणजे घरात एक वीत, हे प्रमाण आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिने चहाचा कप खाली ठेवला, भिंतीलगतचं कपाट थोडं ओढून घेतलं आणि मिरजेला फोन लावला.

"सरकली का?" हसनभाईंनी विचारलं.

"सरकली. कॅलेंडरचा खिळा वाकला."

"मग बरोबर बसलीय," ते म्हणाले.

रेवती साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. हसन मुजावर तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांचे वडील छापखान्यात जुळारी होते, शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवायचे. हसनभाई तेच काम संगणकावर करत निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी दोघांनी मिळून मराठी प्रबंधांसाठी एक साचा तयार केला. विद्यार्थ्याने त्यात नुसता मजकूर ओतायचा. पानं, मथळे, तळटिपा, सूची, सगळं आपोआप जागच्या जागी बसायचं. साचा सगळ्यांना खुला होता. कुणीही तो उघडावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी, पण ती लागू व्हायला दोघांचीही मंजुरी लागायची. एवढ्या काळात ते एकमेकांना एकदाही भेटले नव्हते.

साच्यात जे बदलायचं ते रेवतीच्या घरातही बदलायचं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. मागच्या वर्षी साच्यात 'ऱ्य' नीट उमटत नव्हता. त्यातला 'र' आडवा व्हायच्या ऐवजी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसायचा. तेव्हा इमारतीच्या पायऱ्यांचंही तेच झालं. प्रत्येक पायरीचा अर्धा भाग उठून वरच्या पायरीच्या डोक्यावर बसला, आणि रेवतीची आई अकरा दिवस खाली उतरू शकली नाही. हसनभाईंनी दोन दिवस खपून तो 'र' जागेवर आणला, त्या क्षणी पायऱ्या सरळ झाल्या आणि आई पिशवी घेऊन भाजीला गेली. पुढे तळटिपांचा टाइप बारीक केला, तेव्हा तळमजल्यावरचे खोत बारीक झाले. जिन्यात भेटले की रेवती वाकून बोलायची. बेलपर्यंत हात पोचत नाही, एवढंच ते एकदा म्हणाले.

समास वाढवणं तर भागच होतं. परभणीच्या एका मुलीचा प्रबंध परत आला होता. बांधणीत प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत गेलं, आणि परीक्षकांनी शेरा मारला: वाचता येत नाही. तीन वर्षांचं काम. त्याच साच्यातले आणखी तीनशे प्रबंध या महिन्यात छापायला जायचे होते.

त्या मंगळवारी दुपारी रेवती आईला जेवायला बोलवायला गेली तेव्हा आईची खोली जागेवर नव्हती. पॅसेजच्या टोकाला दार होतं, पण दार उघडल्यावर नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात, समोर पण खूप वर, आईचा पलंग होता आणि पलंगावर आई वाटाणे सोलत बसली होती. मध्ये पाऊल ठेवायला काहीच नव्हतं.

"आई, तू तिकडे कशी गेलीस?"

"गेले कुठे? भिंत सरकली तसं सगळं पुढे पुढे ढकललं गेलं. मी शेवटी होते. मावले नाही."

"कसं आहे तिकडे?"

"पांढरं आहे. गार वगैरे नाही." आईने एक शेंग सोलली. "आवाज मात्र कसलाच येत नाही गं."

रेवतीने जेवणाचं ताट दारातून पुढे सरकवून पाहिलं. ताट हातातून सुटलं आणि दिसेनासं झालं. पडल्याचा आवाज आला नाही.

"शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली," तिने हसनभाईंना फोनवर सांगितलं.

"एकटीच?"

"एकटीच."

"अब्बा असं पान छापूच द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "पानाच्या डोक्यावर एकटी ओळ राहिली की वाचणारा तिच्यावरून नजर टाकतो आणि पुढे जातो, म्हणायचे. समास मागे घेऊ या का? दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि त्या तीनशे मुलांचं काय?"

"ते आहेच."

"नको मग. दुसरं काही सांगा."

"घरातलं काही कमी करून बघा. एक ओळ मोकळी झाली तर आई आपोआप मागे येतील."

रेवतीने कॉलेजातून रजा घेतली आणि घर कमी करायला लागली. आधी वेताच्या खुर्च्या दिल्या, मग शिलाई मशीन, मग वडिलांचे दिवाळी अंक. ओळ काही मोकळी झाली नाही. एक वस्तू गेली की उरलेल्या वस्तू एकमेकींपासून लांब सरकायच्या आणि ती जागा भरून काढायच्या. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हा साच्याचा नियमच होता, आणि तो रेवतीनेच घातला होता. गुरुवारपर्यंत ओट्यापासून गॅस सहा पावलांवर गेला. भांडी आणि मांडणी यांच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर पडलं.

रोज सकाळ-संध्याकाळ ती दार उघडून आईशी बोलायची. बुधवारी आईने विचारलं, दूधवाला येऊन गेला का. गुरुवारी आईने वाटाणे सोलून संपवले आणि दाणे पुन्हा शेंगांत भरायला घेतले. रेवतीने हाक मारली तर तिने मान वर केली, पण उत्तर द्यायला वेळ लावला.

शुक्रवारी जिन्यात खोत भेटले. रेवती वाकली.

"बरंच सामान काढलंत," खोत म्हणाले. "तसं एकट्या माणसाला लागतं किती?"

"एकटी कुठे? आई आहे ना."

"असं होय," खोत म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही आठवलेलं दिसलं नाही.

त्या दुपारी रेवतीने जेवायला एकच ताट घेतलं. वरणभात कालवून अर्धा संपल्यावर ते तिच्या लक्षात आलं. हात तसाच खरकटा ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली. मग उठून हात धुतले आणि फोन घेतला.

"नियम घालू या, हसनभाई. ओळ पुढच्या पानावर एकटी जाता कामा नये. तिच्या आधीची ओळ तिच्यासोबत पाठवायची."

"लिहून ठेवलाय मी," हसनभाई म्हणाले. "मंगळवारीच लिहिला. मंजुरी दिलेली नाही."

"का?"

"आईंच्या आधीची ओळ कोण आहे, ताई?"

"मीच. घरात दुसरं आहे कोण?"

"म्हणूनच."

खिडकीबाहेर रिक्षा गेली. खिडकी आता खोलीच्या पार पलीकडे होती, त्यामुळे आवाज उशिरा पोचला.

"त्या पोरांच्या प्रबंधांतही हा दोष आहेच की," रेवती म्हणाली. "नियम आज ना उद्या लागणारच."

"लागू दे उद्या. परत कशा याल तुम्ही? मजकूर कमी झाला तरच पान मागे येतं. तुमच्यामागे घरातलं कमी करणार कोण?"

"आज मी एकच ताट घेतलं, हसनभाई."

पलीकडून संगणकाची कळ दाबल्याचा आवाज आला. "झाली माझी मंजुरी," ते म्हणाले. "मिरजेला या, या, म्हणत होतो इतके दिवस. हट्टाने बोलावून घ्यायला हवं होतं मी."

"यायला हवं होतं मीही."

रेवतीने गॅस बंद केला. उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवला. आईची जाड शाल खांद्यावर घेतली, खुर्चीवर बसली आणि मंजुरी दिली.

पॅसेज चालावा लागला नाही. ती पलंगावर आईशेजारीच होती. आई तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली, मग हळूहळू तिची नजर ठरली.

"रेवा," आई म्हणाली, आणि भिंतीकडच्या बाजूला सरकली. भिंत नव्हती, तरी ती सवयीने तशीच सरकली. "जेवलीस का?"

"अर्धं."

रेवतीने तिच्या अंगावर शाल घातली. दोघींनी पाय खाली सोडले. पायांखाली सगळं पांढरं होतं, दूरवर, तळापर्यंत, आणि त्यावर काहीही नव्हतं. आता आवाज येत होता. एकीचा श्वास दुसरीला ऐकू येत होता. आईने तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

खाली, अगदी उजव्या कोपऱ्यात, वाचणाऱ्याचं भलंमोठं ओलं बोट टेकलं, आणि पान उचललं जाऊ लागलं.