बाहेर बसणारीचा गोणपाट

मी एक गोणपाट. देऊळगाव राजाच्या अलीकडे, मळ्यातल्या एका घराच्या पडवीत, कोपऱ्यात अंथरलेला.

आधी मी पोतं होतो. माझ्या पोटात बियाण्याची सरकी असे. एका कडेनं फाटलो, तेव्हा सोजराबाईंनी मला उसवून सपाट केलं आणि सुनेपुढे टाकलं. "बाहेर बसशीन तेव्हा हे घे." त्या दिवसापासून घरातल्या कुणी मला हात लावला नाही. लावला तो एकट्या अन्नपूर्णेनं.

बाकीच्या बाया महिन्याचे चार दिवस बाहेर बसतात, न्हाऊन आत जातात. अन्नपूर्णेचं तसं नव्हतं. न्हाऊन चुलीपाशी गेली, की दोन दिवसांत पुन्हा डाग आणि पुन्हा माझ्याकडे. ताट वेगळं, तांब्या वेगळा. नवरा कडूबा लांबूनच विचारी, "बरं हाय ना?" ती मान हलवी. मग दिवसभर आम्ही दोघंच. ती माझा सुटलेला धागा बोटाला गुंडाळी, सोडी, पुन्हा गुंडाळी.

शेजारची विमलबाई कुंपणावरून हसे. "काय व सोजराबाई, तुमच्या सुनेले कावळा शिवला का त्यानं घरटंच बांधलं?"

लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सोजराबाईंनी लेकासाठी सिंदखेडची दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. हे त्या अन्नपूर्णेदेखत बोलत. बाहेर बसलेल्या बाईला जणू कान नसतात.

एक दिवस ती चक्कर येऊन माझ्यावरच आडवी झाली, तेव्हा कडूबानं बैलगाडी जुंपली. गाडीत तिच्याखाली मी. सोजराबाई पुढे, अंग चोरून बसलेल्या.

देऊळगावात सिंधूताई नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अन्नपूर्णेला माझ्यासकट टेबलावर घेतलं, पडदा ओढला, बत्ती जवळ घेतली, आत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाशी कोंब आलाय."

पडद्याबाहेर मायलेकांनी एवढंच ऐकलं. कोंब! कडूबा पेढे आणायला धावला. सोजराबाईंनी तिथूनच बालाजीला हात जोडले. मी बियाणं सांभाळलेला, मीही फसलो.

"आजच काढून टाकते," बाई म्हणाल्या.

"काढता?" सोजराबाई पडद्यात शिरल्या. "सात वर्षांनं कोंब फुटला अन् तुमी खुडून राह्यल्या? ऊठ व, चाल घरी!"

"आजी, तो मांसाचा कोंब आहे, गर्भ नाही. त्याच्यामुळेच रक्त जातंय. मूल राहत नसेल तेही कदाचित त्याच्यामुळेच."

"मले नका शिकवू!" विटाळ विसरून त्यांनी सुनेचा दंड धरला.

अन्नपूर्णा उठली नाही. इतकी वर्षं मी तिचा मोठा आवाज ऐकला नव्हता. तेव्हाही तो मोठा नव्हताच. "आत्याबाई, लेकरू असतं त मी बाहेर बसली असती का?"

सोजराबाईंचा हात हळूहळू सुटला. कडूबा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं दोघींकडे पाहिलं. "काढा बाई," तो म्हणाला.

नंतर बाईंनी तो वाटीत दाखवला. बोटाच्या पेराएवढा, लालसर. एवढ्याशानं एक बाई घराबाहेर काढली होती. "मूल होईलच असं सांगत नाही," बाई म्हणाल्या, "रक्त मात्र थांबेल."

थांबलं. अन्नपूर्णा आत गेली. आता ती चारच दिवस येई. बाकीचे दिवस मी गुंडाळलेला, मुंग्यांच्या सोबतीला. मी तिची वाट पाहायचो. अशी वाट पाहणं बरं नव्हे, हेही मला कळायचं.

मग एका महिन्यात ती आलीच नाही. पुढच्याही महिन्यात नाही. आतून भांड्यांचा आवाज येई, तिचा आवाज येई. मला मात्र काही उमगेना. एके दिवशी विमलबाईनं विचारलं, "सून बसत नाही का व आता बाहेर?"

सोजराबाईंनी आवाज खाली आणला. "मळमळते तिले."

पडवीत आता कुणी नसतं. ओल लागून मी एका बाजूनं कुजलोय. बायांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ अंथरलेला असेल. चार दिवस सरून न्हाल्यावरही पुन्हा पुन्हा डाग पडत असेल, तर त्याच्यावर बसून राहू नका. डॉक्टरीणबाईला दाखवा. माझ्या त्या भावाला एकटं वाटेल.

वाटू द्या.