जगेपर्यंतची योजना

आमच्या प्रयोगशाळेत बियाणं लवकर म्हातारं करायची एक पेटी आहे. आत ऊब आणि दमटपणा इतका, की दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. बी तीन-चार दिवस त्यात ठेवायचं, मग ओल्या कागदात गुंडाळून रुजवायचं. एवढं सोसूनही जे उगवतं, ते गोदामात चांगलं टिकेल असं आम्ही कंपनीला लिहून देतो. ही पेटी माझ्याकडे आहे. चिकाटीचं काम आहे आणि मला ते आवडतं.

यंदा कंपनीने स्वतःचं पेन्शन बंद केलं. ज्याने त्याने बाहेरचा एखादा निवृत्ती फंड निवडायचा, कंपनी आपला वाटा तिथे भरणार, आणि महिनाअखेरपर्यंत जो निवडणार नाही त्याचा यंदाचा वाटा बुडाला. आजवर मी बँकेतल्या एक वर्षाच्या ठेवीपलीकडे कशातही पैसे घातले नव्हते.

"निवडलास का?" चिमट्याने विचारलं. हा माझा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. बिया उचलायचा चिमटा कायम त्याच्या खिशात असतो, आणि तोंडाचा चिमटाही कधी रिकामा नसतो.

"बघतेय."

"अगं, बघायचं काय त्यात? शेअरवाला घे आणि विसरून जा. अजून सतरा वर्षं आहेत आपल्याला."

"तुला आहेत."

"का? तू काय आधीच पळ काढणार आहेस? मग तुझी खुर्ची मला दे, माझीचं चाक मोडलंय."

मी कोंब मोजत होते. मोजताना बोललं की आकडा चुकतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो हसत निघून गेला.

आई गेली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तिची आई तर त्याहूनही लहान वयात गेली, आणि मावशी पन्नाशीच्या उंबऱ्यावर. तिघींचंही हृदय. मी त्रेचाळीस. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, घोड्यासारखं चालतंय. शिवाय तीन बियांवरून कोणी अख्खं पोतं बाद करत नाही, आम्ही चारशे मोजल्याशिवाय सही करत नाही, हे मला कळतं. पण डोक्याला पटलेलं पोटात उतरेलच असं नसतं. आमच्या घरातली बाई म्हातारी झाली की कशी दिसते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. जे पाहिलं नाही त्याच्यासाठी पैसे कसे बाजूला काढायचे?

फंडाचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, दोन खुर्च्या, एका कोपऱ्यात माणसाएवढा उंच पडदा. तिथली सल्लागार तिशीतली होती. तिला बारमाही सर्दी असावी. टेबलावर रुमालांचा डबा आणि प्रत्येक वाक्याआधी एक हुंकार. पण समजावून छान सांगायची.

"दोन योजना आहेत, मॅडम. पहिलीत साठीला सगळे पैसे एकदम हातात. त्याआधी तुमचं काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना. दुसरी जगेपर्यंतची. साठीपासून दर महिन्याला ठरावीक रक्कम, जोवर तुम्ही आहात तोवर. रक्कम चांगली मोठी. पण माणूस गेलं की संपलं, मागे कोणाला काही नाही."

"म्हणजे जास्त जगेल त्याला दुसरी फायद्याची."

"हो. आणि... हो."

पुढचं ती सभ्यपणाने बोलली नाही. फंडाचं माहितीपत्रक वाचून हिशेब मी घरीच करून आले होते. पंचाहत्तरी ओलांडणाऱ्यालाच दुसरी परवडते. मी पहिलीवर बोट ठेवलं.

"ठीक आहे," ती म्हणाली, "पण सही करण्याआधी जरा त्या पडद्यासमोर उभ्या राहा. आमचा नियम आहे. लोकांना आपलं म्हातारपण दिसत नाही म्हणून पैसे ठेववत नाहीत, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. हे यंत्र तुम्हाला सत्तरीचं करून दाखवतं. घाबरू नका, पुरुष जास्त घाबरतात."

मी हसतच उभी राहिले. पडदा क्षणभर काळा झाला.

समोर आई उभी होती.

केस पांढरे, विरळ झालेले, पण भांग जिथे पडायचा तिथेच. गाल उतरलेले. डाव्या भुवईखालची पापणी किंचित झुकलेली. आईची दमली की झुकायची, तशी. माझी झुकते हे मला माहीत नव्हतं. मी मान वळवली, तिने वळवली. मी तोंडावर हात नेला, तिनेही नेला. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मॅडम?"

"हं."

"बसा ना. पाणी देऊ?"

मी पाणी प्यायले आणि म्हणाले, मला फंडाच्या वार्षिक खर्चाबद्दल शंका आहे, विचार करून परत येते.

मी पडद्याचा फोनवर फोटोही काढला होता. घरी येऊन पाहिला. त्यात नुसती एक म्हातारी होती, चेहऱ्यावर दिव्याची तिरीप. पडद्यावर ती हलत होती, श्वास घेत होती, माझ्याकडे बघत होती. तेवढं त्यात आलं नव्हतं.

दुसऱ्यांदा गेले ते खर्चाची टक्केवारी विचारायला. तिसऱ्यांदा, शेअरचं प्रमाण वयाबरोबर आपोआप कमी होतं का ते विचारायला. सगळे प्रश्न खरे होते; उत्तरं मी नीट ऐकली आणि मला बरंच कळलंही. पण प्रत्येक वेळी निघताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "एकदा उभी राहू का?" आणि उभी राहायचे. एकदा मी हसून पाहिलं. आई हसताना खालचा ओठ आत घ्यायची. पडद्यावरच्या बाईने घेतला.

"मॅडम, रागावू नका," सल्लागार म्हणाली, "इतके प्रश्न आमचे ऑडिटरसुद्धा विचारत नाहीत. दुसरीकडे कुठे जाणार असाल तर सरळ सांगा. मी माझ्या यादीतून नाव काढते, माझा जीव टांगणीला लागलाय."

"नाही हो. इथेच घेणार आहे."

"मग अडलंय कुठे?"

सही झाली की इथे यायला कारण उरणार नव्हतं.

घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आता चौऱ्याहत्तर आहेत. मला मुंगी म्हणतात, कारण लहानपणी मी सगळं ओढून आणून एका कोपऱ्यात रचायचे. आईबद्दल ते बोलत नाहीत. तिचा फोटो पूर्वी बाहेरच्या खोलीत होता, आता कपाटाच्या आत, सदऱ्यांच्या मागे. मला वाटायचं, त्यांना बघवत नाही. गेल्या वर्षी कपाट लावताना मी विचारलंच, बाहेर लावू का?

"नको," ते म्हणाले. "ती तुझ्याहून थोराड नाही दिसत त्यात. मी असा पिकलेला, आणि ही पोरसवदा बाई समोर. आता कुठे भेटली तर काका म्हणून हाक मारेल मला."

हे बोलून ते हसले होते, आणि मग बराच वेळ एकाच सदऱ्याची घडी घालत बसले होते.

महिन्याचा शेवटचा आठवडा आला. मी बाबांना म्हटलं, "माझ्याबरोबर फंडाच्या ऑफिसात चला."

"माझं काय काम? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"सोबत."

"मुंगीला सोबत? बरं. इस्त्रीचा घालू का?"

"घाला."

लिफ्टमध्ये त्यांनी कान भिंतीला लावला. "दुसऱ्या मजल्यावर खरडतेय. रुळाला तेल नाही. सांगू का कोणाला?"

"आधी वर तर जाऊ."

सल्लागाराने दोघांना खुर्च्या दिल्या आणि दोन्ही योजनांचे कागद पुढे ठेवले. मी म्हटलं, "एकदा उभी राहते. शेवटचं." तिने हात जोडले, "राहा, मॅडम. पडदा तुमचाच आहे." बाबांना मी माझ्या मागे, जरा बाजूला उभं केलं, कॅमेऱ्यात येणार नाहीत पण पडदा दिसेल असं.

पडदा काळा झाला, मग उजळला.

मी वळू शकत नव्हते, वळले तर तीही वळली असती. मी तशीच सरळ उभी राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले, म्हणजे तिला बाबांकडे बघता येईल.

मग बाजूच्या दाराच्या काचेत मला बाबांचं प्रतिबिंब दिसलं. त्यांनी तळहाताने केस मागे सारले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"हिला चष्मा लागला असता," ते म्हणाले. "सुईत दोरा माझ्याकडूनच ओवून घ्यायची शेवटी शेवटी. मानायची नाही पण."

सल्लागाराच्या लक्षात आलं असावं, कारण तिने हुंकारही दाबून धरला.

"बोलते का ही?" बाबांनी तिला विचारलं.

"नाही हो काका. नुसती दिसते."

"बरंय. बोलली असती तर आधी सदऱ्याला नावं ठेवली असती." थोडं थांबून ते म्हणाले, "छान पिकली असती. मला वाटलं होतं तशीच."

त्यांनी इतकी वर्षं तिला मनात पिकवत आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं. दरवर्षी थोडी. मला वाटत होतं, ती त्यांच्यासाठी कपाटातल्या फोटोवर थांबली आहे.

मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. पाय अवघडले तेव्हा मी बाजूला झाले आणि ती गेली. बाबा नकळत एक पाऊल पुढे आले, पडद्याच्या समोर. यंत्राने त्यांना टिपलं, क्षणभर विचार केला आणि जसे आहेत तसेच दाखवले, इस्त्रीच्या सदऱ्यातले.

"माझं भविष्य संपलं वाटतं," बाबा म्हणाले, आणि सल्लागार हसता हसता रुमाल शोधू लागली.

आम्ही टेबलाशी बसलो. मी पहिला कागद बाजूला ठेवला आणि दुसरा ओढला.

"जगेपर्यंतची?" सल्लागाराने विचारलं. "नक्की ना? ही मागे कोणाला काही देत नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून पहिलीच म्हणत होतात."

मी बाबांकडे पाहिलं. पहिली योजना मी त्यांच्यासाठीच घेणार होते, मी आधी गेले तर म्हणून. आजवर हे आम्ही दोघांनीही तोंडातून काढलं नव्हतं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "मला काय करायचेत तुझे पैसे? सत्तरीला किती अवकाश आहे तुला?"

"सत्तावीस वर्षं."

त्यांनी मनाशी काहीतरी बेरीज केली आणि सोडून दिली.

"मी काही थांबायचा नाही तोवर," ते म्हणाले. "पण तू घाई करू नकोस, मुंगे. येऊ दे तिला सावकाश."

मी सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. सल्लागाराने ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून पाहिलं आणि चालेल म्हणाली.

खाली उतरताना लिफ्टमध्ये आरसा होता. येताना आमची त्याकडे पाठ होती. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट खरडली, पण बाबांचं लक्ष नव्हतं. ते आरशात माझ्या डाव्या पापणीकडे बघत होते.