विन्सेंटच्या गाण्यासाठी माईक

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गळ्यातली गाठ साधी आहे, पण ती थायरॉइडच्या ज्या बाजूला बसली आहे, तिथूनच आवाजाची नस जाते. ऑपरेशननंतर आवाज बहुतेक होता तसाच राहील. "बहुतेक म्हणतोय," ते म्हणाले, "तुम्ही गाणारे आहात म्हणून आधीच कानावर घालतो." विन्सेंटने मान डोलावली आणि बाहेर आल्यावर जोॲनला विचारलं, "आता जेवायला घरी पोचू ना?"

मरोळ गावठणात विन्सेंट माहीत नाही असं घर नव्हतं. विमानतळावर मेकॅनिकची नोकरी केली ती पोटासाठी. बाकी जन्म लोकांच्या लग्नांत गेला. लग्नाआधी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला वरात निघाली, की गिटार गळ्यात अडकवून सगळ्यांत पुढे हाच. पण त्याचं एक गाणं धड कुठे रेकॉर्ड झालेलं नव्हतं. लग्नांच्या व्हिडिओंत तो दिसायचा, ऐकू यायचा तो बँडबाजा आणि पाहुण्यांचा कालवा.

जोॲन त्याची एकुलती एक मुलगी. एका कुरियर कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करायची. ऑपरेशनच्या आधी पपांची गाणी घरीच रेकॉर्ड करायची, हे तिने घरी येताना रिक्षातच ठरवलं. स्टुडिओचं नाव काढताच विन्सेंट म्हणाला होता, "काचेच्या पेटीत बसून मी नाय गाणार. मी काय केक आहे?"

मग ती माईकच्या मागे लागली. ऑपरेशनबद्दल तिने इंटरनेटवर एकदा बघितलं आणि पान बंद केलं. माईकबद्दल मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत वाचायची. स्वस्तातले, घरगुती, गळा आणि गिटार दोन्हीला चालतील असे. तुलना करणारे व्हिडिओ ढीगभर होते, पण ते सगळे लोक गालिचे अंथरलेल्या शांत खोल्यांत बसून बोलत. त्यांच्या डोक्यावरून विमानं जात नव्हती.

शेवटी तीन माईक जमले. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत राहणाऱ्या कीथने, तिच्या मावसभावाने, आपला कंडेन्सर दिला आणि माईक लॅपटॉपला जोडायची छोटी पेटीही दिली. "हा सगळं ऐकतो हां," तो म्हणाला. "तू मनात शिवी दिलीस तरी येईल." ऑफिसातल्या दिशाकडून थेट लॅपटॉपला लागणारा यूएसबी माईक मिळाला. तिसरा तिने स्वतः घेतला, स्टेजवर गायक हातात धरतात तसला साधा डायनॅमिक.

रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर तिने पुढच्या खोलीच्या खिडकीला गादी उभी केली, पंखा बंद केला आणि विन्सेंटला खुर्चीत बसवलं. तिन्ही माईकवर एकच गाणं घ्यायचं, म्हणजे फरक कळेल. त्याने उंबराच्या पाण्याचं गाणं धरलं.

यूएसबी माईक टेबलावर ठेवला होता. विन्सेंटला पायाने ताल धरायची सवय. टेबलाचा पाय त्याच्या पायाला लागूनच, त्यामुळे दर ठेक्याला कोणीतरी दार ठोठावतंय असं रेकॉर्ड झालं. त्यात गळा आणि गिटार एकाच माईकमध्ये कालवलेले, एक वाढवावं तर दुसरंही वाढे. डायनॅमिकने गळा छान उचलला. तोंडाशी धरला की जवळचं तेवढंच ऐके, वरून जाणारं विमानही लांब गेल्यासारखं वाटे. पण तोच गिटारसमोर धरला, तर गिटार गोधडीखाली वाजतेय असं वाटायचं.

कंडेन्सरवर गिटार अशी आली, की बोट तारेवरून सरकल्याचाही आवाज होता. शिवाय शेजारचा कुत्रा, कुकरची शिट्टी आणि विन्सेंटचा श्वास, ओळ सुरू व्हायच्या आधी घेतलेला, जरा घरघरता. जोॲनने ते दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी हेडफोन कानावर दाबून धरले.

"पपा, मागे कोणीतरी गातंय."

"रेडिओ असंल बाजूचा."

रेडिओ नव्हता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता. तिच्या आईचा, नॅन्सीचा. भांडी घासता घासता ती विन्सेंटच्या मागून, वरच्या पट्टीत, अगदी हळू गात होती. चर्चमध्येही ती नुसते ओठ हलवते, असं घरात सगळे धरून चालले होते. आणखी एक गोष्ट जोॲनच्या लक्षात आली. दोघांचे शब्द वेगळे होते.

तिने आईला बोलावलं आणि हेडफोन काढून मोठ्याने लावलं. "नवरी निघाली वेशीला," विन्सेंट गात होता. मागून नॅन्सी म्हणत होती, "विहिरीला."

"वेशीलाच आहे," विन्सेंट म्हणाला.

"वेशीवर पाणी मिळतं काय रे?" नॅन्सीने हात पुसले. "पाणी आणायला निघाली ना ती? माझ्या आयचं गाणं आहे हे. तू आमच्या अंगणात ऐकलंस आणि अर्धंमुर्धं उचललंस."

"मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

"तू लग्नांत फिरत होतास. मी पोळ्या लाटत होते. कधी सांगायचं?"

विन्सेंटने उगाच गिटारची एक खुंटी पिळली. जोॲनने आईला गायला बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझं मटण लागेल," आणि आत गेली. पण गॅस बंद करून परत आली.

कीथच्या पेटीला दोन माईक लागत. जोॲनने डायनॅमिक विन्सेंटच्या तोंडाशी लावला आणि कंडेन्सर गिटारसमोर, जरा वर उचलून. त्याच टप्प्यात शेजारी नॅन्सीला बसवलं. यूएसबी माईक पिशवीत गेला. विमान गेलं की गायचं, दुसरं आलं की थांबायचं. खोलीत घामाच्या धारा लागल्या. दर वेळी विन्सेंट सवयीने वेशीला म्हणे, नॅन्सी विहिरीला म्हणे, आणि ओळ तिथे अडखळे. एकदा त्याने मुद्दाम विहिरीला म्हटलं, तर नॅन्सी हसली आणि तो टेकही गेला.

संध्याकाळपर्यंत बरीच गाणी झाली. त्या गाण्याचा जो टेक जोॲनने ठेवला, त्यात दोन्ही शब्द एकावर एक होते.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला. आवाज मात्र होता तसा आला नाही. आधी नुसती कुजबुज, मग घोगरं बोलणं. आवाजाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बरंच सुधारलं, पण वरचे सूर गेले ते गेलेच. विन्सेंटने त्याबद्दल कोणाशी चर्चा केली नाही. एका दुपारी ओट्यावर बसून त्याने गिटारच्या सगळ्या तारा सैल करून सूर खाली आणला, खालच्या पट्टीत गाऊन पाहिलं आणि म्हणाला, "हे तर दुसराच माणूस गातोय."

त्या दिवशी जोॲनने त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो शेवटपर्यंत डोळे मिटून होता. "तिसरी तार उतरलेली," एवढंच बोलला आणि आंघोळीला गेला. बाथरूमचं दार लागलं, नळ सुटला, तेव्हा कुठे जोॲनला रडू आलं.

कीथने ते गाणं गावठणाच्या ग्रुपवर टाकलं, तर विन्सेंटच्या आवाजापेक्षा शब्दांवरच जास्त गोंधळ झाला. अर्धे वेशीच्या बाजूने, अर्धे विहिरीच्या. गल्लीच्या टोकाच्या सोनूबाईने ओट्यासमोर येऊन सांगितलं, की दोन्ही चूक, मूळ शब्द ओहोळाला आहे. नॅन्सी तिच्याशी भांडायला खाली उतरली.

जानेवारीत कीथच्या मेहुणीचं लग्न होतं. वरातीत विन्सेंट नेहमीसारखा पुढे होता, पण नुसता वाजवत. गात होती नॅन्सी, नवी साडी सावरत, अर्धा सूर चुकवत. वाटेत एका पोराने तिच्यासमोर लाउडस्पीकरचा माईक धरला, तर तिने तो हाताने बाजूला सारला आणि विन्सेंटला म्हणाली, "जरा हळू चाल ना रे. दम लागतो."

तो हळू चालू लागला.