आजारी पिंपं

आमच्या भागात बिअर आजारी पडते. हिवाळ्यात भरलेलं पिंप पहिल्या उन्हाळ्यात अंग टाकतं. आतली बिअर अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते आणि तोटीतून धारेऐवजी तार सुटते. अशा वेळी काही करायचं नसतं. पिंप हलवायचं नाही, सारखं उघडून हुंगायचं नाही आणि त्याच्यासमोर त्याला नावं तर मुळीच ठेवायची नाहीत, असं माझे वडील थिओफील सांगायचे. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. थंडी पडेपर्यंत थांबलं की पिंप आपोआप उठून बसतं, आणि आजारातून उठलेलं पिंपच पुढे सगळ्यांत चांगलं निघतं.

लिंडरोडे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे विचारा. माझा थोरला भाऊ सिरील मात्र जन्मभर दर उन्हाळ्यात सायकलच्या शर्यतींमागे हिंडला, त्यामुळे आमच्या शेडमध्ये ऑगस्टमध्ये काय होतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

बाबा स्वतः बिअर बनवत नसत. थंडीत भट्टीवरून धान्याचा ताजा, न आंबलेला काढा आणायचा, आपल्या लाकडी पिंपांत भरायचा, आणि वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची अशी आंबट बिअर चाखून, मिसळून बाटल्या भरायच्या, हा आमचा धंदा. सगळी कमाई जिभेची. आणि तीच तर गोम होती. मी बावीस वर्षांची असताना बाबांना मोठा ताप आला. तापातून माणूस वाचला, पण त्यांना वास येईनासा झाला आणि वासाबरोबर चव गेली. व्हिनेगर आणि विहिरीचं पाणी समोर ठेवलं तर त्यांना फरक सांगता येईना.

तेव्हापासून एकोणीस वर्षं मी चाखत होते. सकाळी शेडमध्ये कुणी नसताना मी पिंपापिंपाशी जाऊन घोट घ्यायची आणि बाबांना सांगायची, चौथ्यातले दोन भाग, नवव्यातला एक, अकरावं अजून कच्चं आहे. दुपारी गिऱ्हाईक आलं की बाबा ग्लास उजेडात धरायचे, डोळे मिटायचे, घोट तोंडात फिरवायचे आणि खणखणीत आवाजात तेच बोलून दाखवायचे. मी मागे ग्लास विसळत उभी. लोक म्हणायचे, थिओफीलसारखी जीभ पुन्हा होणे नाही. मला राग यायचा का? यायचा. पण बापाची लाज झाकायची होती, म्हणून गिळून टाकायची.

एकोणीसशे बहात्तरच्या मार्चमध्ये बाबा गेले. ऑगस्टमध्ये सिरील राजधानीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या फान हुले नावाच्या साहेबाला घेऊन आला. हा कारखाना आंबट बिअरमध्ये साखरेचा पाक ओतून ती सरबतासारखी विकायचा आणि बाटल्यांवर आमच्यासारखीच चित्रं छापायचा. शेड माझ्या भावाच्या नावावर होती. त्याला ती पिंपांसकट विकायची होती.

फान हुले चांगल्या कापडाचा कोट घालून आला होता आणि कोळ्यांची जाळी चुकवत चालत होता. आमच्याकडे जाळी काढत नाहीत, कोळी माश्या खातात. जुन्या सात पिंपांतली बिअर चाखून त्याने पसंतीची मान डोलावली. मग त्याने हिवाळ्यात भरलेल्या सहांपैकी पहिल्याची तोटी सोडली आणि ग्लासात तार उतरली. त्याने ग्लास तिरका केला तसा तो बुळबुळीत गोळा एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूच सरकला.

"हे मेलं आहे," तो म्हणाला. सहाही पिंपं गटारात ओतायची आणि रिकामी पिंपं मधोमध कापून फुलझाडांच्या कुंड्या करायच्या, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मी सांगितलं की मेलेलं नाही, आजारी आहे, थंडीत या. त्याने माझ्याकडे न पाहता सिरीलला विचारलं की इथे चाखायचं कोण.

"बाबा चाखायचे," सिरील म्हणाला. "ही ग्लास धुवायची."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण तोंडाने सांगितलं असतं तर दोघे हसले असते, आणि गेलेल्या बापाची अब्रू फुकट गेली असती. मी फान हुलेच्या हातातून ग्लास घेतला आणि ती आजारी बिअर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून शेवटच्या तारेपर्यंत प्यायले. घशाखाली उतरताना शेंबूड गिळल्यासारखी लागते, खोटं कशाला बोलू. पण त्या बुळबुळीच्या मागे लिंबाची साल होती, ओलं गवत होतं, आणि मला कळलं की हे पिंप बाबांच्या हातून भरलेल्या सगळ्या पिंपांत वरचढ निघणार आहे.

"ही सहा मला दे," मी सिरीलला म्हणाले. "दुसरं काही मागत नाही."

"सिडोनी, अगं सडकं आहे ते."

"आजारी आहे. दुसऱ्यांदा सांगतेय. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाही."

तो हसला. म्हणाला, घेऊन जा, पण रविवारपर्यंत. सोमवारी करवत येणार.

माझ्या घरामागे नवरा गेल्यापासून रिकामा पडलेला गोठा होता. तिथे ठेवायची जागा होती, प्रश्न न्यायचा होता. ओडिलकाका, गावात पिंपं दुरुस्त करणारे शेवटचे, त्यांनी कपाळाला हात लावला. आजारी पिंप हलवलं की संपलं, म्हणाले. आणि ही बिअर आंबते ती आमच्या शेडच्या भिंतींतल्या, तुळयांतल्या जिवांमुळे. चुना मारलेल्या गोठ्यात तिला कोण विचारतंय?

"मग काय करू? करवतीखाली देऊ?"

काका रविवारी सकाळी घोडागाडी घेऊन आले. सगळं गाव चर्चमध्ये होतं. आम्ही गाडीत गुडघाभर पेंढा टाकला, फळ्यांवरून एकेक पिंप वर घेतलं आणि घोड्याला पावलापावलाने चालवलं. सहा खेपा झाल्या. चौथ्या खेपेला प्रार्थना सुटली आणि पाद्रीबुवांसकट अख्खं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतं. कुणीतरी म्हणालं, थिओफीलची मुलगी बापाची प्रेतं हलवतेय. मी मान ताठ ठेवून घोड्यापुढे चालत राहिले.

शेवटची खेप करायच्या आधी मी बिस्किटांच्या डब्यात कोळी भरले. तुळईवरचे, खिडकीतले, पिंपामागचे, सापडले तेवढे. जुन्या शेडची दोन कुजकी फळकुटंही उचलली आणि गोठ्याच्या आढ्याला ठोकली. काका म्हणाले, पोरी, तुला वेड लागलंय. मी म्हटलं, लागू दे.

दिवाळं निघायचीच ती लक्षणं होती. नोव्हेंबरपर्यंत पिंपांतून तार निघतच राहिली. मी रोज गोठ्यात जाऊन दूध काढायच्या स्टुलावर बसायची आणि हात न लावता परत यायची. दोन पिंपं उठलीच नाहीत, त्यांचं व्हिनेगर झालं, ते मी शेजाऱ्यांना काकड्या मुरवायला वाटलं. काका म्हणाले होते ते एवढं तरी खरं ठरलं. उरलेली चार जानेवारीत निवळली. मी शेतमजुरी केली, विणकाम केलं आणि दर हिवाळ्यात नवा काढा आणून आणखी दोन-दोन पिंपं भरली. मिसळायला तीन वयांची बिअर लागते, आणि जुनी तर भावाने सरबतात बुडवली होती. तेव्हा तीन वर्षं थांबण्यावाचून इलाज नव्हता.

पंचाहत्तरच्या शरदात, गावजत्रेच्या दुपारी, मी गोठ्याचं दार उघडून बाहेर दोन बाकं टाकली. ओडिलकाका पहिले आले. त्यांच्यासमोर मी रिवाजाप्रमाणे साखरेचे दोन खडे आणि ते ग्लासात चिरडायचा लोखंडी दांडा ठेवला, कारण ते चाळीस वर्षं साखर घालूनच पीत. पहिल्या घोटानंतर त्यांनी साखर कागदासकट माझ्याकडे सरकवली. मग बाकं भरत गेली. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला उभे होते तेच सगळे.

चारच्या सुमाराला सिरील आला. दाराशी जरा घुटमळला, मग काकांशेजारी बसला. मी दगडी सुरईतून त्याला अर्धा ग्लास ओतला, गिऱ्हाइकाला ओतते तसा. त्याने घोट घेतला आणि बराच वेळ गिळला नाही. दुसरा घोट घेतला. त्याचे डोळे भरून आले, आणि मला त्याची दया आली, हेही सांगते.

"हुबेहूब बाबांची," तो म्हणाला. "बाबांची चव बरोबर धरलीस."

एकोणीस वर्षं गिळलेलं सगळं तेव्हा वर आलं.

"बाबांना चव नव्हती, सिरील. मी बावीस वर्षांची असताना तापात गेली ती परत आलीच नाही. तू पीत आलास, हे सगळे पीत आले, ती माझी चव. मी सकाळी सांगायची आणि ते दुपारी बोलायचे."

सिरीलने आधाराला काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला वाटायचंच," ते म्हणाले. "त्याच्या शेडला आग लागली असती तरी थिओफीलला धुराचा वास आला नसता. पण तो मित्र होता माझा. मी विचारलं नाही, आणि तुझं नावही घेतलं नाही. चुकलंच माझं."

सिरीलने ग्लासात उरलेलं पिऊन टाकलं. मग त्याने ग्लास पुढे सरकवला. मी सुरई उचलली, ग्लासावर तिरकी धरली आणि तशीच धरून ठेवली.

"कुणाची बिअर?" मी विचारलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. अख्खं बाक ऐकत होतं.

"तुझी," तो म्हणाला.

"मोठ्याने. काकांना कमी ऐकू येतं."

"सिडोनीची," तो म्हणाला, पार रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात.

मग मी ओतली.